हिब्रू प्रार्थनांचं पठण: आपल्या जपासारखंच, की वेगळं?

सुरपेटी

संगीताच्या नादाने कुठून कुठे पोचते मी. सध्या हिब्रू प्रार्थनांची ध्वनिमुद्रणं ऐकतेय आणि पुरती गोंधळलेय.

एका प्रकारात माणसं गोल करून बसलीयत, कुणीतरी डफ वाजवतंय आणि स्तोत्रातली एकच ओळ दहा-पंधरा मिनिटं फिरतेय. डोळे मिटलेले, शेवटी सगळे गप्प. हे आपल्या नामसंकीर्तनाच्या इतकं जवळ आहे की मी लगेच 'कळलं' म्हणून मोकळी झाले. मग सिनेगॉगमधली सकाळची प्रार्थना ऐकली. सगळे उभे, प्रत्येक जण आपापल्या वेगाने पुटपुटतोय, मधेच एक जण ओळ मोठ्याने गातो, बाकीचे 'आमेन' म्हणतात, परत पुटपुट. खरं सांगायचं तर गोंगाट वाटला. सूर आहेत, पण कुणी कुणासाठी थांबत नाही.

यातली ज्यूंची खरी साधना कुठली? चाली कुठून आल्या? आणि ज्यांना हिब्रू येत नाही त्यांचं काय? कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची मातृभाषा तर मराठीच. इथे कुणी असेल तर लिहा प्लीज.

क्रमजटा

छान विषय. शनिवारी सकाळी तोरा (मोशेची पाच पुस्तकं) वाचतात ते ऐकलंत का? नसेल तर आधी ते ऐका. सवडीने लिहितो.

अश्दोदकर

मी आहे. मूळ रेवदंड्याकडचे आम्ही, आता इस्राएलमध्ये अश्दोदला. 'गोंगाट' म्हणालात म्हणून रागावलेलो नाही :)

आमच्यात दिवसाला तीन प्रार्थना. सकाळी शाहरीत, दुपारी मिन्हा, रात्री अर्वीत. तिन्हींत अमीदा असते, म्हणजे पाय जुळवून, जेरुसलेमकडे तोंड करून उभ्याने म्हणायची प्रार्थना. मुंबई-अलिबागहून ती दिशा पश्चिमेची. रोज एकोणीस आशीर्वचनं, शब्बाथला (शनिवारी) सात. ही मोठ्याने म्हणायची नाही. ओठ हलले पाहिजेत, स्वतःच्या कानाला ऐकू आलं पाहिजे, शेजाऱ्याला नाही.

हा नियम एका बाईवरून आला. शमुवेलाच्या पुस्तकात हन्ना मूल व्हावं म्हणून देवळात प्रार्थना करते. ओठ हलतायत पण आवाज नाही, म्हणून एली याजकाला वाटतं ही दारू पिऊन आलीय. तालमूद या आमच्या धर्मचर्चेच्या मोठ्या ग्रंथातल्या पंडितांनी प्रार्थना कशी करावी याचे कितीतरी नियम हिच्या त्या प्रसंगातून काढले. याजकाच्या नव्हे, हिच्या! सकाळी आणि दुपारी सगळ्यांची मनातली अमीदा झाली की हजान (प्रार्थना चालवणारा) तीच पुन्हा मोठ्याने म्हणतो, ज्यांना येत नाही त्यांनी 'आमेन' म्हणून तिच्यात सामील व्हावं म्हणून. म्हणजे तुम्ही ऐकलेला गोंगाट आणि मधूनच वर येणारा आवाज, दोन्ही ठरवून केलेलं आहे.

आणि सकाळ-संध्याकाळ शेमा. 'शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद.' हे इस्राएला ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. उजव्या हाताने डोळे झाकायचे आणि 'एहाद'वर रेंगाळायचं. जो 'एहाद' लांबवतो त्याचं आयुष्य लांबतं असं तालमूद म्हणतं. पुढची ओळ मात्र हळू आवाजात. वर्षातून एकाच दिवशी, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपवासाला, ती मोठ्याने म्हणतात.

शेमा आमच्यासाठी निव्वळ प्रार्थना नाही. परंपरा अशी सांगते की नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. पिढ्या गेल्या, हिब्रू गेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली' एवढी गावाला ओळख उरली. सुंता, खवल्यांचेच मासे खाणं, शब्बाथ आणि शेमा एवढंच टिकलं. सुंतेला शेमा, लग्नाला शेमा, मयताला शेमा, कारण दुसरं काही येतच नव्हतं. पुढे बाहेरून दाविद रहाबी नावाचा ज्यू आला आणि त्याने यावरून ओळखलं की हे ज्यू. तो कधी आला यावर इतिहासकारांची जुंपलेली आहे, त्यात मी पडत नाही.

नुसताच_वाचक

अप्रतिम प्रतिसाद. वाचतोय.

चष्मा_पुसून

मला एक कळत नाही. अर्थ कळत नसताना शेकडो वर्षं एक ओळ म्हणत राहणं याला साधना म्हणायचं की पोपटपंची? आपल्याकडेही तेच. सत्यनारायणाला बसलेल्या किती जणांना संस्कृत कळतं? अश्दोदकरांनी राग मानू नये, प्रश्न सगळ्यांनाच आहे.

जुनी_पुस्तकं

@चष्मा_पुसून, हा प्रश्न त्यांच्याकडे सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच चर्चेत होता. मिश्ना म्हणजे तालमूदच्या मुळाशी असलेला नियमसंग्रह; त्याच्या सोता या भागात चक्क यादी आहे: शेमा, अमीदा, जेवणानंतरचे आशीर्वाद कुठल्याही भाषेत चालतील, याजकांचा आशीर्वाद, पहिल्या फळांच्या अर्पणाचं वचन वगैरे हिब्रूतच. म्हणजे मराठीत शेमा म्हटला तरी धर्माला चालतो. मायमोनिदीस (बारावं शतक) तर म्हणतो, मन नसेल ती प्रार्थना प्रार्थनाच नव्हे, मन लावून पुन्हा कर. 'कवाना' हा त्यांचा शब्द, चित्त देणं.

तरी लोकांनी हिब्रू सोडली नाही. मुंबईत १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. हेतू धर्मांतराचा, पण बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. मग जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) झाले, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक. त्यांनी एकामागून एक प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची हगादा (त्या सणाला घरी वाचायची पोथी) छापली गेली, हिब्रू आणि मराठी दोन्ही, आणि तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकऱ्या करतायत! अर्थ कळावा म्हणून एवढी खटपट करणाऱ्या समाजाला पोपटपंची म्हणणं जरा जास्तच.

चष्मा_पुसून

मान्य, शब्द कडक होता. पण मग सगळं मराठीतच का नाही केलं, हा प्रश्न उरतोच.

अश्दोदकर

कारण प्रार्थनेला जमलेल्या दहा जणांत एक कोचीनचा, दोन बगदादी आणि एखादा बोटीवरून आलेला असेल तर तो मराठीत 'आमेन' कुठे म्हणणार? मुंबईचं शाआर हारहमीम सिनेगॉग १७९६ सालचं. सिनेगॉगला तेव्हा मशीदच म्हणायचे, त्यामुळे मशीद बंदर स्टेशनला ते नाव पडलं असं सांगतात, हे इथे अनेकांना माहीत नसेल. प्रार्थना कशी चालवायची ते शिकवायला कोचीनहून माणसं आली, ती मराठी बोलत नव्हती. हिब्रू सामाईक होती म्हणून शिकता आलं.

माझी आजी हिब्रू वाचायची नाही, पण हजान कुठे चुकला ते तिला बरोबर कळायचं. चालीवरून.

क्रमजटा

आता माझं पुराण. मी थोडं वेदपठण शिकलोय, त्यामुळे तोरावाचन ऐकलं तेव्हा कान टवकारले.

तोराच्या चर्मपत्राच्या गुंडाळीत फक्त व्यंजनं असतात. स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत, गाण्याच्या खुणा नाहीत. त्या खुणा, 'तआमीम', छापील पुस्तकात असतात. गालील सरोवराकाठच्या तिबेरियासच्या पंडितांनी दहाव्या शतकापर्यंत त्या पक्क्या केल्या. आहरोन बेन आशेरने खुणा घातलेली आलेप्पोची प्रत साधारण ९३० सालची. प्रत्येक शब्दाला खूण. ती तीन कामं एकदम करते: कुठे आघात, कुठे थांबायचं, कुठली सुरावट. वाचणारा आठवडाभर पुस्तकावरून घोकतो आणि शनिवारी बिनखुणांच्या गुंडाळीतून गातो. शेजारी माणूस उभा असतो, अर्थ बदलेल अशी चूक झाली की तिथल्या तिथे थांबवतो.

आपल्याकडे उदात्त-अनुदात्त-स्वरित, त्यांच्याकडे हे. साम्य इथवर. पुढे मात्र सगळं उलटं आहे आणि मला तेच आवडलं. पाणिनीय शिक्षेतला श्लोक आठवा:

गीती शीघ्री शिरःकम्पी तथा लिखितपाठकः ।
अनर्थज्ञोऽल्पकण्ठश्च षडेते पाठकाधमाः ॥

गाऊन म्हणणारा, डोकं हलवणारा, लिहिलेलं बघून म्हणणारा, हे अधम पाठक. सिनेगॉगमध्ये यातल्या गाण्याची आणि बघून वाचण्याची सक्ती आहे! लिहिलेली तोरा पाठ म्हणायची नाही, गुंडाळीत बघूनच वाचायची, अक्षरावर चांदीची काठी फिरवत. आणि तालमूदमधल्या रब्बी (धर्मगुरू) योहानानचं मत असं की जो चालीशिवाय वाचतो त्याच्या वाचनात काही राम नाही. (राम माझा, मत त्यांचं.) डोलण्याची सक्ती नाही, पण पुष्कळ जण डोलतात. आपल्या गुरुजींनी बघितलं असतं तर छडीच काढली असती.

आपण पाठ तोंडात ठेवून सुरक्षित ठेवला, पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट विणींनी. त्यांनी चामड्यावर ठेवला आणि चाल तोंडात ठेवली.

सुरपेटी

क्रमजटा, मान गए! त्या खुणांची चाल सगळीकडे एकच का?

क्रमजटा

खुणा बव्हंशी त्याच, सुरावट वेगळी. पोलंडची वेगळी, मोरोक्कोची वेगळी, येमेनची तर फारच वेगळी. एक खूण तुम्हाला आवडेल. 'शलशेलेत', लांबलचक गिरकी. अख्ख्या तोरात चारदा येते. सदोम सोडायला लोट रेंगाळतो तिथे, आणि योसेफ मालकिणीला 'नाही' म्हणतो तिथेही. पाय अडखळतोय ते सुरात ऐकू येतं.

न्यू_जर्सीची_नणंद

सुरपेटीताईंचा पहिला प्रकार कुणी घेतच नाहीये, म्हणून मी घेते. इथे माझ्या ओळखीच्या काही जणी अशा मंडळात जातात आणि मीही त्यांच्याबरोबर बसलेय. याला 'हिब्रू चँट'च म्हणतात. रब्बी शेफा गोल्ड यांनी ही पद्धत बरीच रुजवली. प्रार्थनापुस्तकातला किंवा स्तोत्रांतला एक तुकडा घ्यायचा, सोपी चाल लावायची, श्वासाशी जुळवून पुन्हा पुन्हा म्हणायचा आणि नंतरच्या शांततेत बसायचं. ज्यूइश रिन्यूअल नावाची चळवळ आहे, झल्मान शाख्टर-शालोमी (१९२४–२०१४) तिचे अध्वर्यू. त्यांनी सुफी, बौद्ध सगळ्यांकडे डोकावून बघितलं होतं आणि ते लपवलंही नाही.

लगेच 'हे उसनं आहे' म्हणू नका. तेराव्या शतकातला अब्राहम अबुलाफिया बघा. देवाच्या नावाची अक्षरं वेगवेगळ्या स्वरांशी जोडून म्हणायची, प्रत्येक स्वराला डोक्याची ठरलेली हालचाल, श्वासाचं मोजमाप. प्राणायामाचा वर्ग वाटेल! हसीदी लोकांचे (भक्तिमार्गी ज्यूंचे) 'निग्गून' तर बिनशब्दांचेच असतात, या-बा-बाम करत तासन्‌तास.

पुस्तकातली पानंच्या पानं भरभर उरकण्यापेक्षा मला एक ओळ नीट म्हणणं जास्त प्रामाणिक वाटतं.

अश्दोदकर

नणंदबाई, तुमच्या मैत्रिणींना शांतता मिळत असेल तर आनंद आहे. पण सुरपेटींनी 'जपासारखं आहे का' असं विचारलंय, तर त्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. सांगतो का ते.

मिश्नात लिहिलंय: 'मोदीम, मोदीम' असं जो दोनदा म्हणतो त्याला गप्प करा. मोदीम म्हणजे अमीदातलं आभाराचं वचन. दोनदा आभार मानले तर ऐकणाऱ्याला वाटेल हा दोन देवांना म्हणतोय. तालमूद पुढे जाऊन म्हणतं की 'शेमा, शेमा' म्हणणाराही तसाच. मग राव पापा विचारतो, अहो, पहिल्यांदा चित्त नव्हतं म्हणून पुन्हा म्हणत असेल बिचारा. त्यावर अबाये म्हणतो, स्वर्गाशी काय याची दोस्ती आहे? चित्त नसेल तर लोहाराच्या हातोडीने हाणा, येईल चित्त!

म्हणजे ज्या ओळीला आम्ही जीवाभावाने धरून राहिलो, तीच ओळ लागोपाठ घोकायला मनाई. उद्या सकाळी परत म्हणायची, परवा परत. आवर्तन दिवसांचं, माळेचं नाही.

आणि नाव. तुमच्याकडे नामाचा महिमा मोठा, जितकं घ्याल तितकं थोडं. आमच्याकडे देवाचं चार अक्षरांचं नाव उच्चारतच नाहीत. मंदिर होतं तेव्हा योम किप्पूरला मुख्य याजक ते घ्यायचा. आता तिथे 'अदोनाय' वाचतात, आणि गप्पांत तेही म्हणत नाहीत, 'हाशेम' म्हणतात. ज्या धर्मात नावच जपून ठेवायचं त्यात नामजप कसा बसवणार?

डफाबद्दलही. शब्बाथला आमच्या सिनेगॉगमध्ये वाद्य नसतं.

सुरपेटी

काका, एक शंका, भीत भीत. योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेचं ध्वनिमुद्रण ऐकलं. त्यात तर 'अदोनाय हू हाएलोहीम' लागोपाठ म्हणत होते, मी मोजलं तर सात वेळा. आणि आदल्या संध्याकाळचं 'कोल निद्रे' हे पठण तीनदा, दरवेळी थोडा चढा आवाज. हे आवर्तन नव्हे?

अश्दोदकर

बरोबर पकडलंत. नेईलाचा शेवट तो. दिवसभर पाणीही नाही, सूर्य बुडतोय, एल नोरा अलीला गाऊन झालंय, स्वर्गाची दारं लागायची वेळ. कोकणात योम किप्पूरला 'दारफाळणीचा सण' म्हणायचे. त्या वेळी 'परमेश्वर हाच देव' सात वेळा. कर्मेल डोंगरावर एलियाच्या वेळी लोकांनी हेच दोनदा ओरडून म्हटलं होतं, शास्त्रातच आहे. पण त्याच्या आधीचा शेमा एकदाच म्हणतात, हे पाहा. त्या भरात सुद्धा.

तरी तुमचा मुद्दा सोडून देत नाही. एलूल महिन्यात पहाटे उठून सेलीहोत (क्षमेच्या प्रार्थना) म्हणतो, त्यात देवाचे तेरा गुण पुन्हा पुन्हा येतात. आवर्तन आहे. ते दहा माणसांत असेल तरच, एवढी अट.

चष्मा_पुसून

ही दहा जणांची भानगड काय?

अश्दोदकर

मिन्यान. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. नसले तर शेमा आणि अमीदा एकट्याने म्हणता येते, पण कद्दीश नाही, तोरावाचन नाही. कद्दीश म्हणजे आईबाप गेल्यावर मुलगा अकरा महिने म्हणतो ते. त्यात मरणाचा शब्द नाही, नुसती देवाची स्तुती, आणि तीही बहुतांशी अरामीत. आता भारतात आमची चार-पाच हजार माणसं उरली, त्यातली बरीचशी मुंबई-ठाण्यात. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा, देवळं आहेत, पण आडदिवशी दहा जण जमवायचे तर फोनाफोनी करावी लागते. साधना एकट्याची असती तर हा प्रश्नच आला नसता.

ओवी

दहा *पुरुष*. तिथेच थांबते मी. नियम हन्नामुळे आले म्हणून वर इतकं कौतुक झालं आणि तिची लेक दहात मोजायची नाही?

जुनी_पुस्तकं

@ओवी, सगळीकडे तसं नाही. रिफॉर्म आणि बहुतेक कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींत बायका मोजल्या जातात. अमेरिकेत बार्बरा ओस्टफेल्ड १९७५ साली कॅन्टर (म्हणजे हजान) म्हणून रीतसर दीक्षित झालेल्या पहिल्या बाई. मुंबईतही डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ साली उदारमतवादी ज्यूइश रिलिजस युनियनचा पाया घातला. कामा हॉस्पिटलवाल्या त्याच.

दुसरी एक वाट मराठीतून गेली, आणि मला तीच सगळ्यात रोचक वाटते. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांनी कीर्तनं सुरू केली. आख्यान अब्राहमाचं, योसेफाचं, मोशेचं. साकी, दिंडी, ओवी, अभंग आपले. सिनेगॉगमध्ये हिब्रू जशीच्या तशी आणि बाहेर मराठीत रसाळ निरूपण. चष्मा_पुसून यांना हवं होतं ते झालं होतं, फक्त वेगळ्या जागी. पुढे इस्राएलमध्ये ही गाणी जपण्यात बायकाच पुढे होत्या.

ओवी

हे माहीत नव्हतं. तरी माझा प्रश्न तसाच आहे हं.

अश्दोदकर

असू दे. आमच्या घरातही तो आहे, लेकीकडून. आणि मलिदा या आमच्या आभाराच्या विधीला घरातच एलियाहू हन्नाबीचं (एलिया संदेष्ट्याचं) गाणं होतं, तेव्हा सगळ्यात चढा आवाज बायकांचाच. पोहे, गूळ, खोबरं, फळं ताटात आणि मधे हिब्रू गाणं. तिथे कुणी मोजत नाही.

सुरपेटी

चालींवर कुणीच बोललं नाही, म्हणून मला जे कानाला लागलं ते लिहिते. जाणकारांनी दुरुस्त करावं. अरबी देशांतून आलेल्या ज्यूंच्या प्रार्थना मकामांत (अरबी रागांत म्हणा ना) असतात. सीरियन ज्यू तर दर शब्बाथचा मकाम त्या आठवड्याच्या वाचनावरून ठरवतात: सुंतेचा विषय आला की सबा, शोकाचा आला की हिजाझ. हिजाझचं पूर्वांग पेटीवर वाजवलं तर भैरव. सा रे॒ ग म. पूर्व युरोपच्या ज्यूंची 'अहवा रब्बा' नावाची एक सुरावळ आहे, ती जवळजवळ आपला बसंतमुखारी: खाली भैरव, वर भैरवी. भाव मात्र पूर्ण वेगळा, कारण ते षड्जावर आपल्यासारखे ठाण मांडून बसत नाहीत.

बेने इस्राएलांच्या चालींत मला बगदादी वळण ऐकू येतं, आणि मधेच एखादी जागा अशी येते की ही आपल्या आरतीतून उचललीय का, असं वाटतं.

अश्दोदकर

उचलली असेलच. शेजार एवढ्या शतकांचा.

न्यू_जर्सीची_नणंद

काकांचं 'नाही' मला पटलं नाही, पण हातोडीचा किस्सा मैत्रिणींना सांगितला. त्यातली एक म्हणाली, म्हणूनच आम्ही आख्खा शेमा घोळवत नाही, स्तोत्रांतलेच तुकडे घेतो. म्हणजे नियम त्यांनाही ठाऊक आहे!

चष्मा_पुसून

मला प्रत्यक्ष ऐकायचंय. पुण्यात लाल देऊळ आहे, मुंबईतही आहेत. असंच जाऊन चालतं का?

अश्दोदकर

असंच नका जाऊ. आधी कळवा, ओळखपत्र न्या, सुरक्षा कडक असते. शब्बाथला फोन, फोटो, ध्वनिमुद्रण काही नाही, खिशातही नको. तोरा ऐकायची तर शनिवार सकाळ. सोमवारी आणि गुरुवारीही सकाळी थोडी वाचतात, मिन्यान झाला तर. ध्वनिमुद्रणंच हवी असतील तर जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ध्वनिसंग्रह धुंडाळा.

चष्मा_पुसून

आणि मिन्यानला एक कमी पडला तर मला धरतील का? :)

अश्दोदकर

नाही धरणार. टोपी मात्र घालायला लावतील.